दोनदा गाळलेलं पाणी

नारू म्हणजे काय, हे आता घरातल्या पोरांना समजावून सांगावं लागतं. सांगते. पायाला फोड येतो, त्याची अशी आग होते की माणूस पाय आपटतो. मग फोड फुटतो आणि आतून पांढरा, दोऱ्यासारखा किडा डोकं काढतो. हातभर, कधी दोन हात लांब. ओढला तर तुटतो, म्हणून काडीला गुंडाळून रोज बोटभर काढायचा आणि तेवढे दिवस पडून राहायचं. ज्यांना किळस आली त्यांनी इथंच थांबावं, माझी हरकत नाही. मला नारूची लाज कधीच वाटली नाही. लाज आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. ती माझ्या लेकीच्या ताटापाशी घडली.

फोड

निजामाचं राज्य होतं. पोलीस ॲक्शनला अजून दोन-तीन वर्षं अवकाश होता. आमचं गाव नळदुर्गापासून दोन कोसांवर. घर लिंगायत वाण्याचं, पुढे किराण्याचं दुकान, मागे आम्ही. घरात मी, नीलाचे वडील आणि सासरे. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. नीला आमची एकुलती एक, चौदा वर्षांची. ती तीन वर्षांपासून सोलापूरला माझ्या भावाकडे शिकायला होती.

गावाला पाणी एकाच बारवीचं. पायऱ्या उतरून खाली जायचं, घागर बुडवायची. शेवटच्या पायरीच्या कोनाड्यात महादेव. त्यामुळे त्या पाण्याला कोणी नाव ठेवलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

चैत्रात माझ्या डाव्या घोट्याला फोड आला. घोट्यात निखारा ठेवल्यासारखी आग. मी काय केलं? गावातली प्रत्येक बाई जे करायची तेच. घागर घेऊन बारवीत उतरले आणि गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडून बसले. काय गार वाटलं म्हणून सांगू! चार दिवस रोज संध्याकाळी जाऊन बसायची. शेजारणी म्हणायच्या, "बस गं निवांत, लई आराम पडतो." चौथ्या दिवशी फोड पाण्यातच फुटला आणि किड्यानं डोकं काढलं.

गावातल्या एका म्हाताऱ्यानं काडी बांधून दिली. तो म्हणाला, "हलू नको बाई. तुटला तर पाय जाईल." मी खाटेवर पडले. आता भाकरी कोण करणार? नीलाचे वडील सोलापूरला गेले आणि पोरीला घेऊन आले. निजामाच्या हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपायानं तिचं गाठोडं सोडून पाहिलं, तर आत दोन लुगडी, पाटी आणि मलमलीचं चौपदरी फडकं. शिपाई हसला म्हणे. पुढे आम्हीही हसलो.

तीर्थ

आमच्या घरची रीत अशी होती की मामंजींची लिंगपूजा झाली की ते पूजेच्या पाण्याचं तीर्थ प्रत्येकाच्या तळहातावर घालायचे. ते घेतल्याशिवाय ताट नाही. सकाळी तसं आणि संध्याकाळीही तसंच. पूजेची घागर नीलाचे वडील भरून आणायचे, पण ती देवापाशी ठेवली की मामंजींशिवाय कोणी हात लावायचा नाही.

नीला आली त्या दिवशी तिनं आधी प्यायचं पाणी फडक्यातून गाळलं. आम्ही हसलो. मग पाटावर बसली, हात पुढे केला आणि मागे घेतला.

"अज्जा, हे पाणी गाळलेलं हाय का?"

मामंजींची पळी हवेतच राहिली. "पूजेच्या पाण्याला फडकं? बारवीत महादेव बसलाय पोरी."

"आमच्या बाई सांगतात, पाण्यात डोळ्याला दिसंल न दिसंल असा बारीक किडा असतो. त्यानंच नारू व्हतो. अव्वाला झालाच की."

अव्वा म्हणजे मी. आमच्याकडे आईला तसंच म्हणतात. मी मधल्या खोलीत खाटेवर होते, पाय उशीवर. दारातून सगळी पंगत दिसायची.

"तीर्थ न्हाय, तर ताट न्हाय," मामंजी शांतपणे म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत. नीला उठून गेली.

ज्यांच्या घरात चौदा वर्षांची लेक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दोन्ही वेळेला तेच. ती सगळ्यांच्या भाकऱ्या थापायची, वाढायची आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहायची. दुकानातून मूठभर शेंगा आणि गुळाचा खडा आणून खायची, गाळलेलं पाणी प्यायची. मी सुरुवातीला मामंजींच्याच बाजूची. खाटेवरून ओरडायची, "चार बुकं शिकलीस आणि थोरल्यांना शिकवतीस व्हय गं?" एकदा तर वाटी भिरकावली. ती तिच्या खांद्याला लागली. तिनं वाटी उचलली, घासून जागेवर ठेवली. मला मेलीला त्याचाच राग आला. उलटून बोलली असती तर बरं वाटलं असतं.

नीलाचे वडील जेवण उरकून दुकानात पळायचे. भांडणाच्या वेळी पुरुषमाणसाला दुकान फार आठवतं.

पाचव्या दिवशी भाकरी तव्यावर टाकता टाकता तिला भोवळ आली. हात तव्याला लागला, डाव्या तळहाताला हा एवढा फोड. मी खाटेवरून उठू शकत नव्हते. काडी पायाला, किडा अर्धा बाहेर. पडल्या पडल्या बघत राहिले. पोरीच्या गळ्याची हाडं वर आली होती, ती मला तेव्हाच दिसली.

त्या दुपारी मी ठरवलं की ही पोर आज जेवलीच पाहिजे, मग काहीही होवो. मामंजींना 'पाणी गाळू द्या' म्हणायची माझी छाती नव्हती. त्यापेक्षा पोरीशी खोटं बोलणं सोपं होतं.

तिला जवळ बोलावलं. म्हटलं, "नीला, आजपासून पूजेचं पाणी म्याच गाळून देते. तुझे वडील घागर खाटेपाशी आणतेत, म्या फडकं बांधते. अज्जाला ठावं न्हाय. तू बी बोलू नको."

ती माझ्याकडे एकटक बघत राहिली. "खरंच?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

संध्याकाळी तिनं तळहात पुढे केला. मामंजींनी तीर्थ घातलं. ती प्यायली. मग शेंगाची चटणी आणि दह्याशी दोन भाकऱ्या खाल्ल्या, ताट धुऊन प्यायली. आमच्यात अन्नाचा कण टाकत नाहीत. मामंजी म्हणाले, "शिवा, शिवा, उतरला एकदाचा हट्ट." माझा जीव थंड झाला. मी त्या दिवशी जिंकले असंच मला वाटलं.

पुढे तीनेक आठवडे ती रोज दोनदा ते तीर्थ घेत राहिली.

दवाखाना

आमच्या घरात धीर कोणालाच नाही, मला तर मुळीच नाही. पडून पडून कंटाळले आणि एका सकाळी चूल आपणच पेटवू म्हणून खाटेवरून उतरले. काडी खाटेच्या सुतळीत अडकली, किडा तुटला. दोन दिवसांत पाय मांडीपर्यंत सुजला. बैलगाडीत घालून मला नळदुर्गच्या दवाखान्यात नेलं. रस्त्यातला प्रत्येक दगड मी शिव्या देऊन मोजला.

दवाखान्यात बायकांसाठी एकच खोली होती. सकाळी कंपाउंडर यायचा, जखम धुवायचा, पट्टी बदलायचा. धुताना मी ओरडायची नाही, दात आवळून पत्र्याकडे बघायची. एकदा तो म्हणाला, "रो लो अम्मा, अच्छा लगता." मी म्हटलं, "रडून पाय बरा होत असला तर सांग." भीती मात्र होती. पाय कापतील या भीतीनं मी दर दुपारी चादरीखालून बोटं हलवून बघायची. शेजारच्या खाटेवर नळदुर्गातलीच एक म्हातारी मुसलमान बाई होती, तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. तिच्या पाठीवर गळू झालं होतं. स्वतः पालथी पडलेली, पण हात लांबवून मला पंख्यानं वारा घालायची. ती वाऱ्याची झुळूक मला अजून आठवते.

नीला माझ्यासोबत राहिली. वेळ जाईना म्हणून पाटीवर मला अक्षरं गिरवायला लावायची. आज हे लिहितेय ते त्या पाटीच्या जिवावर.

सूज जरा उतरल्यावर डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "पानी कहाँ का पीते तुम लोगां?" नीलाच्या वडलांकडून त्यांनी बारवीचं पाणी बाटलीत मागवलं. काचेच्या पेल्यात ओतलं आणि खिडकीच्या उन्हात धरलं.

"ये देखो अम्मा. उचकते सो दिखरा क्या?"

दिसलं. पांढरे बारीक ठिपके, एका जागी न थांबणारे. मी जन्मभर ते प्यायले होते.

"कपडे से छान के पिए तो कुछ नहीं होता. पेट में गया तो साल भर बाद पाँव में से निकलता." मग त्यांनी माझ्या पायाकडे बघून विचारलं, "फोडा आया तब बावडी में पाँव डाले थे क्या?"

मी मान हलवली. त्यांनी कपाळाला हात लावला. माझ्या पायातल्या किड्याची पिल्लं मीच बारवीत सोडली होती. ते पाणी सगळ्या गावाच्या पोटात जात होतं.

नीला शेजारी उभी होती. तिचा चेहरा असा फुलला होता! तिच्या बाई खऱ्या ठरल्या होत्या. माझा हात धरून म्हणाली, "बघ अव्वा, बरं झालं तू तीर्थाचं पाणी गाळत व्हतीस."

मी "व्हय" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पायाची भीती तिथंच संपली आणि दुसरी सुरू झाली.

एक साल

काठी टेकत घरी आले. मामंजींना डॉक्टरांचं सांगून पाहिलं. ते म्हणाले, "दवाखान्याचं दवाखान्यात." मग मी नीलाच्या वडलांना गाठलं. पूजेची घागर तेच भरून आणायचे. त्यांना सांगितलं, "बारवीतच घागरीच्या तोंडाला फडकं बांधून भरायची, घरात यायच्या आत सोडायचं. न्हायतर ताट वाढणार न्हाय." त्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून तीर्थ खरोखर गाळलेलं होतं. पण त्याआधीचे तीन आठवडे काही परत येणार नव्हते.

नीला आता सोलापूरला परत गेली नाही. माझा पाय अधू, म्हणून घरीच राहिली. मी रोज तिचे पाय बघायची. तेल लावते म्हणायची, काटा रुतला का बघते म्हणायची. ती वैतागायची, "अव्वा, माझे पाय काय पूजेला लावायचे हायत का?" ताटावरची भांडणं सुरूच होती. अंबाडीची भाजी नको, ताक आंबट, भाकरी जाड. मी उलट बोलायची, ती तोंड वाकडं करायची. तसलं भांडण झालं की मला बरं वाटायचं. पोर धडधाकट आहे म्हणून तर कुरकुरते.

पुढल्या सालचा चैत्र गेला. वैशाख गेला. मी मनात म्हटलं, सुटलो. ज्येष्ठ लागला आणि एका सकाळी भाकरी थापताना नीला पाय जमिनीला घासू लागली. घोट्याच्या वर फोड.

मी तिच्यापुढे बसले. ती मात्र रडली नाही, ती विचारात पडली होती.

"अव्वा, म्या एक थेंब बी बिनगाळलेला पिले न्हाय. घरात न्हाय, बाहेर न्हाय. मंग हे कसं?" मग स्वतःच म्हणाली, "बाईच खोट्या. आणि तो डॉक्टर बी. गाळून काय उपेग न्हाय." तिनं खुंटीवरचं फडकं काढलं आणि चुलीपुढच्या चिंध्यांत टाकलं.

नारू निघतोच, त्याची मला तेवढी धास्ती नव्हती. काडी धरायला मी होते. पण ही पोर उद्यापासून तसलंच पाणी पिणार, उद्या हिच्या पोरांना पाजणार, आणि का, तर तिला वाटतं की जे खरं होतं ते खोटं आहे. हे माझ्यामुळे. ते फडकं मी चिंध्यांतून उचललं, झटकून पुन्हा खुंटीला लावलं.

सकाळच्या पंगतीला मामंजींनी पळी उचलली. मी म्हटलं, "थांबा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. घरातली सून मामंजींना थांबा म्हणते, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

"नीला, तुझ्या बाई खऱ्या हायत. मागल्या साली म्या पाणी गाळलं न्हाय. तीन आठवडे तू जे तीर्थ घेतलंस ते तसंच व्हतं. म्या खोटं बोलले. किडा बी माझ्याच पायातला."

पळी खाली आली. मग मामंजी म्हणाले, "पाण्यात किडा व्हता ते मला ठावं नव्हतं. तीर्थात लबाडी मिसळली, ते तुला ठावं व्हतं."

"व्हय, मिसळली," मी म्हटलं. माझा आवाज चढला, चढू दिला. "पोर पाच दिवस उपाशी व्हती. तुमी ताट दिलं न्हाय, म्या मागितलं न्हाय. लबाडी माझी, पण उपास तुमचा. दोघांनी मिळून तिच्या पायात घातलाय त्यो नारू."

नीला मामंजींकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "गळ्याची शपथ घेतलीस," एवढंच म्हणाली. तिनं ताट पुढे सरकवलं आणि उठली.

मी तिला पाया पडून विनवलं नाही, आणि रागावलेही नाही. मला दोन्हीचा हक्क नव्हता.

बारवीची पायरी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठी घेऊन बारवीवर गेले आणि वरच्या पायरीवर उभी राहिले. त्या साली गावात पाच-सहा जणींना नारू होता. पहिली बाई लंगडत आली.

"ज्याला नारू हाय त्यानं खाली उतरायचं न्हाय," मी म्हटलं. "घागर दे. म्या भरून देते."

"तू कोण गं? पाणी तुझ्या बापाचं हाय का?"

"बापाचं न्हाय. माझ्या पायाचं हाय. मागल्या साली म्या पाय बुडवला, आता माझ्या पोरीच्या पायातून निघालाय. तुला तुझ्या पोरीच्या पायातून काढायचा हाय का?"

बोलाचाली झाली. महादेवाचं पाणी विटाळलं म्हणाल्या, वाण्याच्या सुनेला लागीर झालं म्हणाल्या. मी तशीच उभी. अधू पायानं पायऱ्या उतरून त्यांच्या घागरी भरून दिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मामंजी आले. त्यांच्या हातात पूजेची घागर होती. ते कधी स्वतः पाण्याला येत नसत. माझ्याकडे न बघता त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, चौघडी घातली, घागरीच्या तोंडाला बांधलं आणि सगळ्या बायांसमोर घागर बुडवली. मग महादेवाला हात जोडून वर आले. त्यानंतर माझ्याशी वाद घालणाऱ्या बायांची संख्या कमी झाली. संपली नाही, पण कमी झाली.

नीलानं काडी मला धरू दिली. रोज सकाळी बोटभर. तिचा पाय माझ्या मांडीवर. पण जेवण माझ्या हातचं घ्यायची नाही. तिचे वडील कण्या शिजवून द्यायचे, कच्च्याच राहायच्या, त्या खायची. मी दोन्ही वेळेला तिच्यापुढे ताट ठेवायची, तिच्या डोळ्यांदेखत पाणी गाळायची आणि बाजूला बसायची. तिनं हात लावला नाही की ताट उचलून न्यायची. 'जेव' हा शब्द मी त्या दिवसांत एकदाही उच्चारला नाही. आयांनो, पोरं ताटावरून उठतात ती काहीतरी खरं सांगत असतात. ते खरं आपल्याला गैरसोयीचं असतं, म्हणून आपण त्याला हट्ट म्हणतो.

किडा पुरा निघाला, न तुटता. तो जाळला. त्याच दिवशी दुपारी मी ताट ठेवलं. नीलानं बराच वेळ पाण्याच्या तांब्याकडे पाहिलं. मग उठली, लंगडत गेली, खुंटीवरचं फडकं आणलं. मी तिच्यासमोर गाळलेलं पाणी तिनं दुसऱ्या तांब्यात पुन्हा गाळलं. मग बसली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"चटणीत मीठ कमी हाय," म्हणाली.

मी मीठ आणून दिलं. स्वयंपाकघरात जाऊन रडले ते मात्र पोटभर.

आता नीलाला तिची लेकरं आहेत. माहेरी आली की अजूनही मी गाळलेलं पाणी ती पुन्हा गाळते. तिच्या नकळत हात जातो, की मुद्दाम करते, मी विचारलं नाही. गेल्या खेपेला पंगतीत तिच्या सासरचा एक पाहुणा हसला. "अहो, विहीणबाईंनी आत्ताच गाळलंय की. पुन्हा कशाला? आईवर भरोसा न्हाय व्हय?"

नीला थांबली, हातात फडकं तसंच.

मी त्या पाहुण्यासमोरचा तांब्या उचलला. म्हटलं, "न्हाय तिचा भरोसा. आणि नसायलाच पायजे. तुमाला पाणी पायजे असंल तर तिचं व्हईस्तवर थांबा."

तो थांबला. नीलानं फडक्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.